खाऱ्या टाकीवरचा दिवा आणि डोळ्याची साक्ष



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही फोनवर एवढेच सांगितले होते, की दिव्याविषयी बोलू. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस दिव्याविषयी बोलणार म्हटल्यावर त्यांनी पत्रिकेवर समईचे चित्र छापले. त्यांचा दोष नाही. पण आजचा दिवा समईचा नव्हे, आणि आत्म्याचाही नव्हे. तो ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेल्या १२ एलईडींचा आहे. खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीवर टांगलेला आहे. त्याचा उजेड कोणत्या वेळी किती असावा हे आगपेटीत मावेल एवढा एक मायक्रोकंट्रोलर ठरवतो. तो आम्ही का केला, कसा केला आणि करताना कुठे फसलो ते सांगतो. फसलेले जरा जास्त सांगू, ऐकणाऱ्याला उपयोग त्याचाच.

'आम्ही' म्हणजे इथे दोघे. एक हे तुमच्यासमोर बसलेले, आणि दुसरी आमची नात. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. जुन्या मास्तरी सवयीने आम्ही एकट्यालाही 'आम्ही' म्हणतो. कुठे कोण, ते तुम्ही ओळखालच.

निवृत्तीनंतर आम्ही रेवदंड्याला राहायला आलो. एका सकाळी किनाऱ्यावर एक ओळखीचा तांडेल जाळे साफ करत बसला होता. जाळ्यात अडकून आलेला नारळाएवढा दगड त्याने बाजूला टाकला होता. त्यावर करड्या-हिरव्या रंगाची बटणे दाटीने चिकटल्यासारखी दिसत होती. बादलीतल्या पाण्यात दगड ठेवला आणि थोड्या वेळाने एकेक बटण फुलासारखे उघडले. आम्ही तो घरी न्यायला निघालो तेव्हा तांडेल म्हणाला, "मास्तर, घरी नेऊन काय करणार त्याला? भरतीला टाका परत, जगेल." आम्ही टाकला नाही. ते वाक्य पुढे आम्हाला पुष्कळ वेळा आठवले.

प्राणिशास्त्राचे आमचे एक जुने सहकारी आहेत, त्यांना फोटो पाठवले. त्यांनी आधी नाव सांगितले नाही, आधी विचारले, "खाली चुन्याचा सांगाडा आहे का?" या प्रश्नाला कायद्याचे कारण आहे. २००१ साली सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आले, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत. आपल्या किनाऱ्यावरून उचललेला दगडी प्रवाळाचा तुकडा घरात ठेवणे हा गुन्हा आहे, मग तो शोकेसमध्ये असो की टाकीत. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळवसाहती २०२० साली दुसरीकडे हलवल्या, त्याही रीतसर परवानगी काढून. आमच्या दगडावर होते ते झोअँथिड. प्रवाळांचे चुलतभाऊ म्हणा, पण चुन्याचा सांगाडा नसलेले. ते त्या यादीत नाहीत. यादीत नाहीत म्हणून खडकावरून खरवडून आणावेत असा अर्थ मात्र कुणी काढू नये. शिवाय यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे भयंकर विष असते. असा दगड उघड्या हाताने चोळू नका, ब्रशने घासू नका, उकळत्या पाण्यात तर अजिबात टाकू नका, वाफेतूनसुद्धा बाधा झालेली आहे. आम्ही हातमोजे आणि चष्मा घालूनच टाकीत हात घालतो.

आता मुख्य प्रश्न. हा दगड खातो काय?

त्या बटणांच्या अंगात एकपेशीय शैवाले राहतात, झूझँथेली त्यांचे नाव. ती उजेडावर अन्न करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. म्हणजे त्या प्राण्याच्या दृष्टीने उजेड हे बघण्याचे साधन नाही, उजेड म्हणजे जेवण. जेवण कमी पडले की प्राणी हळूहळू खंगतो, आणि जास्त झाले तर वेगळेच घडते. उजेड पचवण्याच्या पलीकडे गेला की शैवालाच्या पेशीत ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात, आणि यजमान त्या शैवालांना अंगाबाहेर टाकतो. रंग जातो, प्राणी पांढरा पडतो. विरंजन म्हणतात ते हेच. पाणी तापलेले असेल तर हे कमी उजेडातही होते.

आमचा पहिला दिवा बाजारातून आणलेला होता, निळा. प्रवाळटाक्यांचे दिवे निळे का असतात याला कारण आहे. समुद्राचे स्वच्छ पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गिळते, निळा सगळ्यांत खोल जातो. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर भर समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. नाव आपल्या कान्होजी आंग्र्यांचेच. तिथे पाणी नितळ आहे, आणि पठाराचा माथाच वीसेक मीटर खोल असूनही प्रवाळ आहेत. त्यांच्यापर्यंत पोचतो तो निळाच उजेड. टाक्यांविषयीची पुस्तके अशा पाण्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. रेवदंड्याला कुंडलिकेचा गाळ येतो. इथले पाणी चहासारखे, आणि भांगाच्या दिवसांत जरा निवळले तर नशीब. आमचा दगड या पाण्यातला. हा फरक आमच्या तेव्हा लक्षात आला नाही.

तर तो निळा दिवा लावला. संध्याकाळी टाकीसमोर बसलो तर सगळे अंधुक. आम्ही म्हटले, उजेड कमी पडतोय. दिवा खाली आणला, पाण्यापासून वीतभर अंतरावर, आणि बारा तास चालू ठेवू लागलो. खात्री करावी म्हणून मोबाइलवर लक्स मोजायचे ॲप घेतले. तेही म्हणाले, कमी आहे. दोन साक्षीदार एकमताचे! न्यायालयात एवढे पुरते. आठव्या दिवशी वरच्या बाजूची बटणे मिटली ती उघडलीच नाहीत, मग पांढरी झाली, मग गळून पडली. दगडाचा वरचा निम्मा भाग उघडा पडला.

चूक कुठे झाली? माणसाच्या डोळ्याला सगळ्यांत तेजस्वी वाटतो तो पोपटी-हिरवा प्रकाश, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश तेवढ्याच ऊर्जेचा असला तरी डोळ्याला तो त्याच्या सुमारे ४ टक्केच तेजस्वी भासतो. शैवालाचे उलट आहे. हा निळा त्याला फार आवडीचा, तो ते भरभरून घेते. आम्हाला अंधुक वाटत होते तेव्हा त्याला भर उन्हात बसवल्यासारखे झाले होते. आणि ते लक्सचे ॲप? लक्स हे एककच मुळी माणसाच्या डोळ्याच्या संवेदनेवरून बांधलेले आहे. म्हणजे दोन साक्षीदार नव्हतेच. एकच होता, तो दोनदा बोलला.

न्यायशास्त्रात प्रत्यक्ष ज्ञान 'अव्यभिचारी' हवे असे म्हटले आहे, म्हणजे वस्तूला सोडून भरकटणारे नको. वर्गात आम्ही मृगजळाचे उदाहरण द्यायचो. पोरे माना डोलवायची, आणि कुणाचे काही बिघडायचे नाही. इथे मात्र बिघडले. झाडांसाठीचा उजेड वेगळ्या एककात मोजतात, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती प्रकाशकण पडतात ते. भर दुपारच्या उन्हात हा आकडा २००० मायक्रोमोलच्या घरात जातो. झोअँथिडांना ५० ते १५० पुष्कळ होतात. पण ते मोजायचे यंत्र इतके महाग, की त्या पैशात पाच दिवे होतील. तेव्हा आम्ही ठरवले, की डोळ्याला विचारावे न लागता ज्याचा उजेड हिशेबाने कमी-जास्त करता येईल असा दिवा आपणच करायचा.

जुळणी सांगतो. सहा निळे आणि सहा पांढरे एलईडी, प्रत्येक तीन वॉटच्या जातीचा. तेजस्वी निळा एलईडी ही तशी अलीकडची गोष्ट, १९९३ची, नाकामुरांची. त्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पांढरा एलईडी म्हणजे तरी काय, निळ्याच एलईडीवर पिवळा प्रकाश देणारा लेप.

सहा निळे एका माळेत, सहा पांढरे दुसऱ्या माळेत. एका एलईडीवर साधारण ३.२ व्होल्ट पडतात, सहांचे १९.२. त्यासाठी २४ व्होल्टचा एसएमपीएस घेतला. वरची जागा ड्रायव्हरला लागते, म्हणून सातवा एलईडी घालायचा मोह टाळा. ड्रायव्हर म्हणजे काय? एलईडीला ठरावीक व्होल्ट देऊन चालत नाही, ठरावीक करंट द्यावा लागतो. व्होल्ट जरासे वाढले तरी करंट एकदम चढतो. एलईडी तापला की त्याच व्होल्टला आणखी करंट घेतो, त्याने आणखी तापतो. उतारावर ब्रेक नसलेली सायकल. हा ब्रेक म्हणजे ड्रायव्हर. आमचे दोन्ही ७०० मिलिअँपिअरचे आहेत. १९.२ गुणिले ०.७ म्हणजे एका माळेला साडेतेरा वॉट, दोन्ही मिळून २७. आमच्या साठेक लिटरच्या टाकीला हे खरे तर जास्तच आहे. म्हणूनच मंद करण्याला अर्थ.

आणि मंद करणे कसे? इथे आमच्यातला म्हातारा प्राध्यापक खूश झाला. हा दिवा मंद होतच नाही! तो एक तर पूर्ण पेटलेला असतो, नाही तर पूर्ण विझलेला. मायक्रोकंट्रोलर ड्रायव्हरला सेकंदाला एक हजार वेळा चालू-बंद करतो. हजारांश सेकंदाच्या प्रत्येक तुकड्यात किती भाग चालू ठेवायचा, एवढेच बदलायचे. २० टक्के हवे तर तुकड्याचा पाचवा भाग चालू, बाकीचा बंद. गौडपादांच्या कारिकांचे चौथे प्रकरण 'अलातशांति' या नावाचे आहे. अलात म्हणजे जळते कोलीत. ते अंधारात गरागरा फिरवले की अग्नीचे चक्र दिसते, वास्तविक चक्र कुठेच नसते. आमच्या टाकीवर रोज दहा तास अलातचक्र चालते. एवढ्या जलद उघडझापीत शैवालापर्यंत सरासरीच पोचते, त्यामुळे त्याची तक्रार नाही.

या पद्धतीचा मोठा गुण असा, की प्रमाण अचूक कळते. एकूण किती प्रकाशकण पडतात ते आम्हाला माहीत नाही, पण ४० टक्के म्हणजे २० टक्क्यांच्या बरोबर दुप्पट, हे नक्की. डोळ्याला हे कधीच सांगता आले नसते. नातीने एक प्रयोग केला. तिने काळोख करून दिवा पूर्ण लावला आणि म्हणाली, "आजोबा, मी हळूहळू कमी करते. निम्मा झाला असं वाटलं की थांब म्हणा." आम्ही थांब म्हटले तेव्हा आकडा होता २१. मग तिने बरोबर ५० केला. आमच्या डोळ्याला वाटले, जवळजवळ पूर्णच आहे. डोळ्याचा हिशेब असाच आहे. प्रकाश सुमारे १८ टक्के उरला की त्याला निम्मा वाटतो, आणि खरोखर निम्मा असेल तर पाऊण वाटतो. फेख्नरने १८६०च्या ग्रंथात संवेदनेचा हा वाकडेपणा गणितात मांडायचा प्रयत्न केला. पुढे त्याचे सूत्र सुधारले गेले, पण वाकडेपणा गेला नाही. घरी रेग्युलेटरचा बल्ब असेल तर असाच खेळ करून बघा.

याच वाकडेपणामुळे पहाट करताना अडचण आली. सकाळी दिवा शून्यातून हळूहळू चढावा, दुपारी माथ्यावर यावा, संध्याकाळी उतरावा अशी आमची योजना. साध्या आज्ञेने मायक्रोकंट्रोलर २५५ पायऱ्या देतो. वरच्या टोकाला एक पायरी जाणवत नाही. पण काळोखातून पहिली पायरी, मग दुसरी, म्हणजे उजेड एकदम दुप्पट! जिन्यावरून ढकलल्यासारखे दिसते. टाकीतला एक लहान मासा दर पायरीला दचकायचा. आमच्या नॅनो बोर्डवर दोन पिना अशा आहेत, की ज्यांचा टायमर १६ बिटांचा आहे. त्याची चाल सेकंदाला एक कोट साठ लाख ठोक्यांची. त्याला १६,००० ठोके मोजून पुन्हा एकपासून सुरू कर असे सांगितले की सेकंदाला बरोबर १००० फेऱ्या होतात आणि पायऱ्या मिळतात १६,०००. पिना दोन, माळा दोन. हिशेब जमला, मासाही शांत झाला.

वेळ कळायला घड्याळाची वेगळी चिप लावली, तिला नाण्यासारखा सेल आहे. वीज गेली तरी ती वेळ विसरत नाही.

आणि वीज जाते. हे मी तुम्हाला सांगायला नको. बघा, बोलताना 'मी' आलेच.

दिवा तयार होऊन तीन आठवडे झाले होते. दुपारी माथ्यावरचा उजेड आम्ही १२ टक्क्यांपासून सुरू केला होता, आणि दर आठवड्याला तीन टक्के वाढवत होतो. उरलेली बटणे उघडू लागली होती. श्रावणातली एक रात्र, वीज दहा वेळा गेली आणि आली. दर वेळी वीज आली की अंधाऱ्या खोलीत टाकीवर लखकन पूर्ण उजेड, सेकंद-दीड सेकंद, आणि मग काळोख. आम्ही फोन केला. नात म्हणाली, "प्रोग्रॅममध्ये तर असं काही नाही आजोबा." नव्हतेच. ते प्रोग्रॅमच्या आधी होत होते. मायक्रोकंट्रोलर जागा होईपर्यंत त्याच्या पिना कुठल्याच बाजूला धरलेल्या नसतात, लोंबकळत असतात. आणि अशा पुष्कळ ड्रायव्हरांची रीत अशी, की मंद करायच्या तारेवर काहीच संदेश नसेल तर पूर्ण पेटायचे. मंद करायची सोय नको असलेल्याने तार मोकळी सोडली तरी दिवा लागावा, हा त्यामागचा विचार, आणि तो चुकीचा नाही. मौन म्हणजे संमती, असे ड्रायव्हर धरतो.

सेकंदभराच्या लखकन उजेडाने दगड मरत नाही. पण आमची झोप उडाली ती वेगळ्या कारणाने. उद्या ती बारीक तार खाऱ्या हवेने कुजून तुटली आणि आम्ही चार दिवस पुण्याला असलो तर? मौन चार दिवसांचे, आणि उजेड पूर्ण, दिवसरात्र. म्हणजे पहिल्या दिव्याची पुनरावृत्ती.

मीमांसक आणि वेदान्ती अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानतात. टेबलावर घडा दिसत नाही, यावरून तिथे घडा नाही हे कळते. पण त्यांनीच अट घातली आहे, की घडा असता तर दिसला असता अशी स्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. ड्रायव्हरला ही अट कोण शिकवणार? शिकवली ती एका रुपयाच्या वस्तूने. दहा हजार ओहमचा एक रेझिस्टर, ड्रायव्हरच्या मंद करायच्या पिनेपासून ऋण टोकापर्यंत, आणि तोही ड्रायव्हरच्या अगदी अंगाला लावून. मायक्रोकंट्रोलर बोलत असेल तर त्याचे चालते. तो गप्प असेल किंवा तार तुटली असेल तर रेझिस्टर पिनेला खाली धरून ठेवतो आणि दिवा बंद. तुमचा ड्रायव्हर वेगळा असेल तर मल्टिमीटरने पाहा. तार काढल्यावर त्या पिनेवर ०.८ व्होल्टपेक्षा कमी यायला हवेत, नाही तर रेझिस्टर आणखी लहान घ्या. उजेड नसलेले चार दिवस हा दगड काढू शकतो. जास्त उजेडाचे चार दिवस काढू शकत नाही. चुकायचेच असेल तर कुठल्या बाजूला चुकावे, एवढे आधी ठरवून सोल्डरिंगला बसावे.

त्याच रात्रीनंतर प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टी घातल्या. वीज भर दुपारी परत आली तर उजेड एकदम दुपारचा करायचा नाही, अर्ध्या तासात चढवायचा. आणि प्रोग्रॅम कुठे अडकलाच तर बोर्ड आपोआप नव्याने सुरू व्हावा अशी सोय त्या चिपमध्येच असते, ती चालू केली.

उन्हाळ्याचे राहिले. मे महिन्यात टाकीचे पाणी ३१ अंशांवर जाते. पंख्याने पाण्यावर वारा घातला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते असे सगळीकडे लिहिलेले असते. कोकणात हवाच इतकी ओली, की एक अंश उतरला तरी देव पावला. तेव्हा उपाय एकच, पाणी तापले की उजेड उतरवायचा, कारण ऊन आणि उजेड मिळूनच घात करतात. पाण्यात बुडवायचा तापमानाचा सेन्सर मिळतो. ३० अंशांच्या पुढे प्रत्येक अर्ध्या अंशाला उजेड एक पंचमांशाने कमी, असा नियम घातला. एक दिवस भर मे महिन्यात दिवा पूर्ण जोरात आणि पडद्यावर तापमान उणे १२७! सेन्सरची तार निघाली होती. सेन्सर सापडला नाही की प्रोग्रॅमला हा आकडा मिळतो, आणि आमच्या प्रोग्रॅमने भाबडेपणाने तो खरा मानला. पाणी गार आहे म्हणाला, येऊ दे उजेड. पुन्हा तेच! कळत नाही, हेच कळणे झाले. आता १० अंशांच्या खाली किंवा ४० च्या वर काही आले तर ते तापमान धरायचे नाही, बिघाड धरायचा आणि उजेड १० टक्क्यांवर आणायचा.

सेन्सरची तार दिव्याच्या तारांना बांधून आणू नका, हेही त्यातून शिकलो. चालू-बंद होणाऱ्या करंटचा उपद्रव शेजारच्या तारेला होतो. अलिबागकरांना हे सांगायला हवे का? मुंबईच्या कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नानाभाई मूस यांनी ते काम उचलून इथे आणले. १९०४ पासून आपल्याकडे नोंदी होतात, त्या इमारतीत लोखंड वापरलेले नाही. आम्हाला फक्त वीतभर अंतर ठेवायचे होते.

खाऱ्या हवेविषयी थोडक्यात. सोल्डरिंगचे सांधे उघडे ठेवले तर एका पावसाळ्यात हिरवे पडतात. सगळ्या बोर्डावर इलेक्ट्रॉनिक्सचे पारदर्शक लॅकर मारा. एलईडी हीटसिंकवर बसवताना पेस्ट पातळ लावा. जाड लावली की उष्णता अडते. टाकीकडे येणारी प्रत्येक वायर आधी खाली झोल देऊन मग प्लगकडे न्या, म्हणजे ओघळ आला तर झोलावरून जमिनीवर गळेल, प्लगमध्ये जाणार नाही. एसएमपीएस टाकीच्या वर कधीही नको. आणि घराला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी नसेल तर दिवा राहू द्या, आधी तो बसवा. हे मात्र हसण्यावारी नेऊ नका.

आज आमचा दुपारचा आकडा ३९ आहे. तिथे आम्ही थांबलो, कारण दगडाने थांबवले. उजेड कमी असेल तर ही बटणे देठ लांब करतात, रांगेत मागे उभ्या राहिलेल्या माणसाने टाचा उंचवाव्या तशी. जास्त झाला तर आखडून बसतात. ३९ ला ती आखूड देठाने पसरट उघडतात. पुस्तके सांगतात त्यापेक्षा आमच्याकडे पांढरा जास्त आणि निळा कमी आहे. गाळाच्या पाण्यातल्या प्राण्याला आंग्रिया बँकेचा उजेड कशाला, असे आमचे मत आहे. मत आहे, सिद्धान्त नव्हे.

आता प्रश्न घेऊ.

*खर्च किती आला?* टाकी सोडून तीन-साडेतीन हजार. जळालेल्या तीन एलईडींसह. ते आम्ही उलटे लावले म्हणून नव्हे, पेस्ट लावायची विसरलो म्हणून.

*तयार कंट्रोलर बाजारात मिळतात, मग हा खटाटोप का?* मिळतात, आणि चांगलेही असतात. घ्यायचा तर दुकानात एकच विचारा, तार तुटली तर दिवा काय करतो? उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका.

*निसर्ग वादळासारखे झाले, आठवडाभर वीज नाही, तर बॅटरीवर दिवा चालेल का?* ३ जून २०२० इथे बसलेल्या सगळ्यांना आठवत असेल. कुणाकडे आठवडा, कुणाकडे महिना वीज नव्हती. चालेल, पण चालवू नका. दगड काळोखात काही दिवस काढेल. मासा हवेवाचून रात्र काढणार नाही. बॅटरी हवेच्या पंपाला लावा.

*मग तो दगड परत समुद्रात का सोडत नाही?* हा प्रश्न येईल हे माहीत होते. उशीर झाला, म्हणून. टाकीत नंतर दुकानातून आणलेले मासे आले, शंखातले खेकडे आले. त्यांच्याबरोबर काय रोगजंतू आले ते आम्हाला दिसत नाही. एकदा टाकीत राहिलेले समुद्रात सोडायचे नाही, हा सगळीकडचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. त्या सकाळी, जाळ्यातून काढल्यावर, भरतीला टाकता आला असता.

तो तांडेल अजून आम्हाला बाहेरच्या पाण्याचे कॅन आणून देतो, आणि दर वेळी विचारतो, आहे का जिवंत? मागच्या आठवड्यात तो घरात आला. दुपारची वेळ, बटणे उघडी होती. त्याने काचेला नाक लावून मोजायला घेतली. चाळीसपर्यंत मोजली आणि म्हणाला, "मास्तर, तेव्हा जास्त होती."

खरे आहे. तेव्हा जास्त होती.